आधी तिचा घास

काकडी मोडल्याचा कटकन आवाज आला की मला अजूनही हौसाबाईचे दात आठवतात. शुभ्र, किंचित पुढे आलेले, भाद्रपदातल्या कडकडीत उन्हात काकडीच्या रसाने चमकणारे. खोडदच्या रस्त्याला, जिथून रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात, तिथे चार मेढी रोवून तिने भाजीचा मांडव घातला होता. दोडके, घोसाळी, लाल भोपळे, वालाच्या शेंगा, सगळे मागच्या जमिनीच्या तुकड्यातले, निव्वळ शेणखतावर पोसलेले. फलक नव्हता. गिऱ्हाईक आले की पाटीतली एक काकडी उचलायची, न धुता, न सोलता कराकरा चावायची आणि मगच तागडीला हात लावायचा, हा तिचा रिवाज. "आदी मी, मंग तुमी," एवढेच ती म्हणे.

तिच्या साऱ्या हालचालींत रांगडा आवेश होता. भोपळा ती चिरीत नसे, फोडीत असे. शेंग खुडताना वेलाला हिसका देई. भाजी शिळी आहे का, असे कुणी विचारलेच तर "तुमीच शिळं दिसताय, पावणं" म्हणून मोकळी होई. एक घाव दोन तुकडे असा स्वभाव. मला ती फार आवडे; दर रविवारी भाजीला मी तिच्याकडेच जाई.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा वाऱ्यात फवारणीचा तो गोडसर, घशाला चिकटणारा वास होता. बांधापलीकडे तिचा धाकटा दीर बबन पाठीवर पंप घेऊन टोमॅटोवर औषध मारत होता आणि वारा नेमका इकडे वाहत होता. पाट्यांतला ताजा माल बारीक थेंबांनी भिजला होता, जणू दवच पडले आहे. हौसाबाई वेलाच्या पानावरून बोट फिरवून हुंगत उभी होती.

बबन पंप बंद करून आला. "वैनी, वाऱ्यानं जरासं उडालं आसंल. काय व्हत न्हाई. धुऊन इक, कोनाला कळतंय?"

हौसाबाईने काकडी उचलली. ती चावणार, असे वाटून मी तिला अडवायला पुढे झालो. पण तिने दुसऱ्या हाताने बबनच्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि काकडी त्याच्या तोंडावर दाबली. "काय व्हत न्हाई ना? मंग खा. आज आदी तू!"

त्याने दात घट्ट आवळले. ओठ फुटून रक्त आले तरी तोंड उघडले नाही. मग त्याने तिला असे ढकलले की एक मेढ मोडून मांडव कलला. ती उठली ती कोयता घेऊनच. बबन बांध ओलांडून पळाला.

कोयता पडला तो भोपळ्यांवर. केशरी गर उडाला, काकड्यांच्या चिंध्या झाल्या, आणि पाट्या संपल्यावर ती मागे वेलांत शिरली, फुलावर आलेले वेल बुडापासून तोडत. स्वतः लावलेले, स्वतः पाणी घातलेले. "आहो, थोडं तरी ठेवा," एक गिऱ्हाईक पुटपुटले.

"लोकाच्या लेकरांना इख चारू व्हय मी?" ती किंचाळली, आणि तिच्या गालांवर रस कुठला आणि डोळ्यांतले पाणी कुठले, ते कळेना. त्या क्षणी मला तिची भीती वाटली, आणि तिच्या पाया पडावेसेही वाटले.

मातीतले विष उतरले की येईन, असे सांगून ती डिंगोऱ्याला माहेरी गेली, ती गेलीच. मांडवाच्या खड्ड्यांत आता गवत माजले आहे.

भाद्रपद येतो, काकड्या येतात. मी बाजारातून आणतो, धुतो, सोलतो, मीठ लावतो. आणि तोंडापाशी हात थांबतो. ऋतू परत येतात, चवही परत येते. पण आपल्याआधी घास घेणारे माणूस निघून गेले, की प्रत्येक घासाअगोदर त्याची वाट पाहणारा एक क्षण तेवढा मागे राहतो.