शेजारची सीट

“‘चालक’पुढे खूण कुणी केली?” बाईंनी अर्ज आमच्याकडे फिरवला आणि चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे पाहिलं.

“मी केली,” हे म्हणाले. “चालक आहे म्हणून केली.”

करसवलतीच्या कचेरीतली ती सकाळ. आमचा अर्ज एकदा टपालाने परत आला होता, ‘माहिती जुळत नाही’ एवढंच लिहून. मला वाटलं, एखादा दाखला जोडायचा राहिला असेल. ह्यांनी दुसरा अर्जही स्वतःच भरला, पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं आणि मी गाढवासारखी न वाचता ते टाकून आले. मग ‘समक्ष या’ म्हणून पत्र आलं.

अपंग माणसासाठी गाडी घेतली तर तिच्यावरचा कर माफ होतो. तो माणूस स्वतः गाडी चालवणार असेल तर अर्जात ‘चालक’वर खूण करायची. दुसरं कुणी चालवणार आणि तो नुसता बसणार असेल तर ‘प्रवासी’वर. दोन चौकटी, एकीखाली एक. कर माफ झाला तरच गाडी आमच्या आवाक्यात होती, आणि अर्ज या खेपेला फेटाळला तर पुढचे सहा महिने नवा करता येणार नव्हता.

सहा महिने आमच्याकडे नव्हते. ह्यांचा उजवा पाय साखरेने नेला, गुडघ्याच्या वरपर्यंत. मूत्रपिंडं त्याच्या आधीच थकली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचं म्हणजे टॅक्सीवाल्यांची मनधरणी. लांबून टॅक्सी हळू होते, चाकांची खुर्ची दिसली की पुन्हा वेग घेते. थांबलीच तर ह्यांना उचलून आत बसवणारी मी. वय एकसष्ट, इस्पितळाच्या कपडेखात्यात चादरी शिवता शिवता कंबरेचा केव्हाच निकाल लागलेला. मध्यंतरी आम्ही दोघं टॅक्सीच्या दारातून घसरून फूटपाथवर बसलो ते दहा मिनिटं तसेच. “शेवटचा स्टॉप आला वाटतं,” हे म्हणाले. मी हसले, पण त्या दिवशीची डायलिसिसची पाळी चुकली. पुढच्या आठवड्यात आणखी एक चुकली. डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं, असंच होत राहिलं तर माणूस हातचा जाईल.

म्हणून गाडी, आणि म्हणून मी ड्रायव्हर. आमच्या घरात दुसरं आहेच कोण?

ह्यांनी चौतीस वर्षं बस चालवली. सासूबाई म्हणायच्या, हा झोपेतसुद्धा गिअर बदलतो. ते खरंच होतं, माझं कोपर धरून बदलायचे. मला गाडी शिकवायची म्हटल्यावर महिनोन्‌महिने कोमेजलेला माणूस तरारून उठला. मोटार शाळेचा मास्तर आठवड्यातून दोन दिवस शिकवायचा, उरलेले पाच दिवस हे. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी शेजारी, माझ्या हातात मोठ्या पातेल्याचं झाकण आणि पायाशी तीन चपला.

“क्लच सोड. हळू! अगं, झुरळ मारतेस की क्लच दाबतेस?”

“चपलेला काय कळतंय?”

“चपलेला नाही, मला कळतंय. आरसा बघ. तिकडे नाही, आरसा इथे आहे, ह्या डब्यावर!”

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त चिडले. दुसऱ्यांदा पास झाले तर दिवसभर कुणाकुणाला फोन करून सांगत होते. “तात्पुरतं आहे हो,” शेवटी पुस्ती जोडायचे. “माझा नकली पाय बसेपर्यंत ती. मग मी आहेच.”

मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत असायचे. ऐकायचे आणि गप्प बसायचे.

कारण डॉक्टरांनी मला सात महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. नकली पाय बसेल, चार पावलं चालतील. पण डाव्या पायाची संवेदना गेली आहे, डोळ्यांच्या पडद्यावर डाग आहेत, दिसतं पण भरवशाचं नाही. “गाडीचं नाव आता काढायचं नाही,” ते म्हणाले होते. “तुम्ही सांगता का मी सांगू?” मी म्हटलं, मी सांगते. आणि सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले. माणूस पातेल्याच्या झाकणावर माझी बोटं नीट धरायला शिकवतोय, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

कचेरीतल्या बाई वाईट नव्हत्या. लेकीच्या वयाच्या असतील. त्यांनी अर्जामागचा दाखला काढला.

“काका, तुम्ही चालक लिहिलंय, पण डॉक्टरांचा दाखला वेगळं सांगतोय.”

“काय सांगतोय?”

मी म्हटलं, “अहो, मी बघते, द्या इकडे.” ह्यांनी माझा हात बाजूला केला.

बाईंनी वाचलं. रोजच्या कामात वाचतात तसंच, सरळ. “दृष्टिपटल आणि डाव्या पायातील मज्जातंतू यांची हानी कायमस्वरूपी. कोणतेही वाहन चालवण्यास अपात्र.”

“कायमस्वरूपी,” हे म्हणाले.

“हो.”

ह्यांनी तारीख विचारली. बाईंनी सांगितली. दाखला पाकिटात घालून मीच आणला होता, मीच पाकीट बंद करून, ह्यांनी भरायच्या आधीच, अर्जाला टाचला होता. ते माझ्याकडे वळले.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“तरी मला चपला मांडू दिल्यास.”

आवाज चढला असता तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही पुष्कळ कडाकडा भांडलो आहोत, ते मला जमतं. हे जमेना. चपला तर माझ्या शिकण्यासाठीही हव्याच होत्या, असं काहीतरी तोंडात आलं, पण ते बोलायची लाज वाटली.

बाई म्हणाल्या, “काका, घाई नाही. बाहेर बसून या हवं तर. प्रवासी म्हणून भरलंत तर आजच पुढे पाठवते. फिरती सीट बसवायची, गाडी तुमच्यासाठीच वापरायची, बस. काकू चालवतील.”

“आणि मी काय करायचं?”

“तुम्ही काही नाही. तुम्ही फक्त बसायचं.”

बाईंनी ते किती मायेने म्हटलं! ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता खुर्ची मागे घे म्हणणार, आणि मीही घेतली असती, खरं सांगते, त्या क्षणी डायलिसिस, कंबर, सगळं विसरून घेतली असती. पण त्यांनी हात पुढे करून पेन मागितलं. ‘चालक’वरची खूण एका रेघेने खोडली, दुसऱ्या चौकटीत खूण केली. खाली सही केली. रोज डेपोत बस ताब्यात घेताना करायचे तशीच, झपकन, न बघता.

परत येताना मी खुर्ची ढकलत होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. नुसती मान दिसत होती. दाढी करताना मानेवर राहिलेले दोन-तीन पांढरे केस दिसत होते. मी म्हटलं, “अहो, चुकलंच माझं.” ते म्हणाले, “समोर खड्डा आहे.”

पाचव्या आठवड्यात गाडी आली. शेजारची सीट कळ ओढली की दाराबाहेर वळायची. ह्यांनी खुर्चीतून तिच्यावर सरकायचं, कळ ओढायची, सीट आत. मिस्त्रीने दोनदा करून दाखवलं. “कशी वाटली, काका?” तर म्हणाले, “झकास.” गाडीला एक चक्कर मारून टायर, दिवे, काच बघतील असं मला वाटलं होतं. तसं काही त्यांनी केलं नाही.

घरापासून डायलिसिसपर्यंतचा रस्ता म्हणजे ह्यांच्या बसचाच जुना रस्ता. पहिल्या दिवशी माझे तळवे घामाने भिजले होते. चौकात गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ. मी म्हटलं, “बोला ना काहीतरी!”

“चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये. पाटी वाचली नाहीस कधी बसमध्ये?”

“गाडी बंद आहे!”

मी आपली आपणच चालू केली.

तोंड बंद होतं, पण पाय बोलत होता. ते मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळलं. पुढे कुणी आडवं आलं, दिवा पिवळा झाला की ह्यांची उजवी मांडी दचकून खाली दाबली जायची आणि दुमडून पिन लावलेली पँट हलायची. नसलेला पाय ब्रेक मारत होता. तेही माझ्या एक क्षण आधी. मग मला सवयच लागली. एक डोळा रस्त्यावर, एक त्या पँटवर. ती हलली की मी ब्रेक लावायचे. एकदा एक सायकलवाला गल्लीतून सुसाट आला, मला दिसलासुद्धा नव्हता. पँट हलली म्हणून मी थांबले. घरी आल्यावर सांगावंसं वाटलं, अहो, आज तुम्हीच गाडी थांबवलीत. पण सांगितलं नाही. त्यांना कळलं की ते मांडी धरून ठेवतील, अशी भीती वाटली.

महिने गेले. पाळी एकही चुकली नाही. वजन बरं झालं, पायावरची सूज गेली. घरात जेवणाचं, औषधाचं, पंख्याचं बोलणं व्हायचं. गाडीत नाही.

परवा नेहमीच्या चौकात दिवा लाल झाला. मी ब्रेक लावला, गाडी बिनबोभाट उभी राहिली, आणि मग लक्षात आलं की पँट हलली नव्हती. हलली नाही म्हणून घाबरून मी बघितलं. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मांडी सैल, हात मांडीवर. मला कितीदा वाटलं होतं, एकदा ह्यांचा जीव माझ्यावर टाकून हे नुसते बसले की मी सुटले. आता बसले होते, आणि मला त्या पँटवरून नजर काढवेना.

“इथे स्टॉप होता माझा,” ते खिडकीकडेच बघत म्हणाले. “ह्या घराखालीच. चौतीस वर्षं उभा राहिलो इथे.”

“हो?”

“वर गॅलरी आहे. कधी बघितलीच नाही बघ. बघणार कधी? आरशात उतरणारी माणसं बघायची, का गॅलरी बघायची?” मग म्हणाले, “बघ ना, गॅलरीत कसला माणूस आहे.”

“मला नाही हो बघता येत. दिवा बघायचाय. तुम्ही सांगा.”

ते जरा पुढे सरकले, काचेला कपाळ लागेल इतके. “म्हातारा आहे. आपल्याएवढाच असेल. खिळ्याला आरसा टांगलाय आणि दाढी करतोय. अर्ध्या तोंडाला फेस. आतून कुणीतरी बोलतंय वाटतं त्याच्याशी, हा फेसातूनच उत्तरं देतोय. आता वस्तरा हलवून भांडतोय बघ.”

मागून हॉर्न वाजला. दिवा हिरवा झाला होता. मी समोर बघत गाडी काढली, आणि मागे पडणाऱ्या गॅलरीकडे मान वळवून हे पुढचं सांगत राहिले.