उजवा हात

"घ्या ना हो," मीना तिसऱ्यांदा म्हणाली. "वाइनरीत येऊन लिंबूसरबत मागवणारा पहिलाच माणूस बघतेय मी."

"आज नको," किशोर म्हणाला. "आज नाय जमायचं, ताई."

"ताई?"

"म्हंजे... मॅडम."

लग्नाचं बोलायला येऊन समोरच्या बाईला ताई म्हणणाऱ्या माणसाला दुसरी कोणीही हसली असती. मीना हसली नाही. ती परीक्षा घ्यायला बसली होती.

मीना पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानात काउंटरवर होती. तिचा पहिला नवरा प्यायला की आधी त्याचे डोळे लाल व्हायचे, मग मान, मग तो उठून तिचा दंड धरायचा. पुढचं सांगत बसण्यात अर्थ नाही. डाव्या कानाने तिला आजही धड ऐकू येत नाही, त्यावरून काय ते ओळखावं. आणि न प्यायलेला असला की हाच माणूस गजरे आणायचा! सकाळी उठून पाया पडायचा. बघायला आला होता तेव्हा तर त्याने सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. म्हणून घटस्फोटानंतर मीनाने मनाशी ठरवलं होतं, की आता कुणी आलंच तर त्याला आधी पाजायची. हा सूर्य, हा जयद्रथ.

दुकानातल्या चैतालीने हे स्थळ आणलं होतं. ती म्हणाली होती, "वेडी आहेस का गं? लोक न पिणारा शोधतात."

"न पिणारा कोण ते कळत नाही," मीना म्हणाली होती. "मारणारा कोण ते तरी कळू दे."

म्हणून दिंडोरी रस्त्यावरची ही वाइनरी. खाली नुकत्याच छाटलेल्या बागा, वर गच्चीवर टेबलं, सुट्टीची गर्दी. किशोर घडी न मोडलेला शर्ट घालून आला होता आणि आल्यापासून दोन्ही हात टेबलाखाली धरून बसला होता. पापडाची ताटली पुढे आली तेव्हा नाइलाजाने एक हात वर आला. बोटं आणि तळवा लालभडक.

"हे काय?"

"मेंदी. भाचीच्या लग्नातली."

"अजून तुळशीचं लग्न व्हायचंय. त्याआधीच भाचीचं उरकलं?"

किशोरने हात पुन्हा टेबलाखाली नेला. लबाड आहे, मीनाने मनात नोंद केली.

लबाड तो होताच, पण ती समजत होती तसा नव्हे. पेठकडच्या डोंगरातला हा माणूस दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरी करायचा. छाटणी, फवारणी, ट्रॅक्टर, पडेल ते. स्थळ सुचवणाऱ्या चैतालीच्या मामाला मात्र त्याने सांगितलं होतं, "माझी सोताची बाग हाय." बागाईतदारांच्या पोरांनासुद्धा आजकाल मुली मिळत नाहीत, तिथे मजुराला कोण विचारतो! सकाळी तो पेस्टिंग करून आला होता. छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात, आणि कुठला डोळा राहिला ते कळावं म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. बागेतली माणसं हातमोजे घालत नाहीत. उघड्या बोटांनी काम लवकर उरकतं. पण एक गोष्ट तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पेस्ट लावली त्या दिवशी दारूला शिवायचं नाही. ते औषध अंगात असताना दारू पोटात गेली की जीव घाबराघुबरा होतो.

"प्यायची नसेल तर कारण सांगा," मीना म्हणाली. "मी काही खाणार नाही तुम्हाला."

किशोरने कारण सांगायला तोंड उघडलं. कारण सांगायचं म्हणजे पेस्ट सांगायची, पेस्ट सांगितली की मजुरी आली, मग बाग गेली आणि बागेपाठोपाठ ही हिरव्या साडीतली, टपोऱ्या डोळ्यांची बाई गेली. त्याला ती फार आवडली होती. त्याने वाइनचा ग्लास उचलला आणि काढा प्यावा तसा एका दमात रिकामा केला.

"वा!" मीनाने दुसरा भरला. तोही त्याने संपवला.

मग थोडा वेळ बरं चाललं. त्याची जीभ सैल झाली. "भाकरी येती मला," तो म्हणाला. "कालवण नाय जमत. मीठ टाकलं का नाय तेच ध्यानात राहत नाय."

"मग दोनदा टाकता?"

"तीनदा बी टाकतो."

मीना मनापासून हसली. परपुरुषासमोर बसून आपण हसतोय याचं तिलाच नवल वाटलं. होईल, हा चालेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

आणि तेवढ्यात त्याचे डोळे लाल झाले.

मग मान. मग छाती, उघड्या बटणातून दिसत होती तिथवर. नाकपुड्या फुलल्या, श्वास घसाघसा यायला लागला. किशोर खुर्ची मागे ढकलून उठला, झोकांडला आणि आधारासाठी त्याने तिचा दंड धरला. घट्ट.

टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता. मीनाने तो उचलून त्याच्या कपाळावर हाणला. भुवई फुटली. तो गुडघ्यावर बसला तरी तिने पुन्हा हाणला, आणि पुन्हा. "हात लावतोस? मला हात लावतोस?" ती ओरडत होती. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. इतकी वर्षं साचलेलं सगळं त्या जगातून बाहेर पडत होतं.

शेजारच्या टेबलावरचे तिघे-चौघे धावले. "लेडीजवर हात टाकतो काय रे, बेवड्या!" त्यांनी त्याला कॉलर धरून आडवा केला. कुणी बरगडीत लाथ घातली, कुणी तोंडावर. चिमाजी नावाचा म्हातारा वॉचमन दांडकं घेऊन आला आणि त्यानेही पाठीत दोन ओढले. लोक मोबाइल धरून उभे होते.

"मारा!" मीना किंचाळली. "सोडू नका त्याला!"

किशोरने एकदाही हात उगारला नाही. डोकं झाकायला त्याने दोन्ही पंजे वर धरले, तेवढंच. त्या पंजांवर नजर गेली आणि चिमाजीचं दांडकं हवेतच थांबलं.

"आरं, थांबा! पेस्टवाला हाय ह्यो!" चिमाजी खाली बसला. "पेस्ट लावून पिला का रं? येडा का खुळा तू?"

"त्या म्हनल्या... घ्या," किशोर रक्त थुंकत म्हणाला. "मला नुसतं पानी मागायचं व्हतं."

ती लाली आणि ती धाप पेस्टवर दारू पडल्याने आली, हे चिमाजीने जमलेल्यांना समजावून सांगितलं. मारणारे एकेक करून आपापल्या टेबलावर गेले. एकाने जाताना, "सॉरी हं, बॉस," म्हटलं.

किशोरला दिंडोरीच्या दवाखान्यात चिमाजीच्या ओळखीच्या जीपने नेलं. वाटेत मीनाने त्याचा हात आपल्या उजव्या हातात धरून ठेवला होता; दोघांचेही हात घामेजलेले होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं, भुवईला टाके घातले, दोन बरगड्यांना तडा गेल्याचं सांगितलं.

"मला माफ करा," मीना म्हणाली. "मला वाटलं..."

"तुमची चूक नाय. लपवलं मी. बाग नाय माझी."

"नसू दे. मला बाग नकोच आहे." ती खाटेजवळ सरकली. तिला जे पाहायचं होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. प्यायलेला, मार खाणारा, आणि तरी हात न उचलणारा माणूस. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. "आपण पुन्हा भेटू. तुम्ही म्हणाल तिथे."

किशोरने तोंड सलाईनच्या बाटलीकडे वळवलं.

"माझी माय मार खाता खाताच गेली," तो म्हणाला. "मी कणगीमागं बसून बघायचो. तवाच ठरवलं, आपल्या घरात मारनारं मानूस नको. आपन बी तसं व्हायचं नाय, अन् आनायचं बी नाय."

"मी तशी नाही हो!" मीना कळवळून म्हणाली. "त्या वेळी माझं भानच नव्हतं. पुन्हा नाही होणार असं."

बोलून झालं आणि तिचं बोलणं तिलाच ऐकू आलं. हेच शब्द, याच सुरात, सकाळच्या वेळी पाया पडणाऱ्या नवऱ्याकडून तिने कितीदा ऐकले होते.

"उजेड हाय तवर निघा, ताई," किशोर म्हणाला. "पंचवटीला जायाला अजून गाड्या भेटतील." या वेळी त्याने मॅडम अशी दुरुस्ती केली नाही.

घरी येऊन तिने मोरीत हात धुतले. रक्त पहिल्याच पाण्यात गेलं. उजव्या तळव्याला लागलेला पेस्टचा लाल रंग साबणाने, लिंबाने, घासणीनेही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात ती उजवा हात पदराखाली धरून गिऱ्हाइकं करत होती. नेहमी येणाऱ्या अक्काबाई कुंकवाच्या पुडीसाठी थांबल्या होत्या. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"अगं, कुंकू डाव्या हाताने देतेस?"

मीनाने पुडी उजव्या हातात घेतली आणि पुढे केली.

"मेंदी वाटतं?" अक्काबाई वाकून बघत म्हणाल्या. "घरात काही कार्य होतं का?"

"होणार होतं," मीना म्हणाली. "तुम्हाला हळद पण हवी होती ना?"