दहा एकरांत शेणाचा एक पो

लेकीचं बाळंतपण आटोपून काकू आठ दिवसांनी घरी परतल्या, पिशवी हातात तशीच ठेवून कुरण बघायला गेल्या आणि फाटकापाशीच मटकन खाली बसल्या. दहा एकर कुरण, दोन वर्षं पोटच्या पोरासारखं जपलेलं, आणि आज त्यावर बोटभर खुंटांखेरीज काही म्हणजे काही नव्हतं. गेल्या आठवड्यात हेच गवत त्यांच्या कमरेला लागत होतं.

फाटकाशी त्यांचा धाकटा दीर उभा होता. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, शाबासकीची वाट बघत. तपासणीला सरकारी माणसं येणार म्हणून त्याने सगळं कुरण कापून काढलं होतं. गवत कापायचं यंत्र कुठूनसं मागून आणलं आणि आठ दिवस पाठ जमिनीला लावली नाही. पाहुणे यायचे तर घर झाडतो ना आपण, मग कुरण नको का झाडायला, असं त्याचं म्हणणं.

आता या माणसाला काय म्हणावं? सगळे त्याला टापटीप म्हणत. गोठ्यातल्या बादल्या उंचीप्रमाणे लावणारा, दोराची वेटोळी मोजूनमापून घालणारा, लग्नाला गेला तरी दाराबाहेरच्या लोकांच्या चपला सरळ करून ठेवणारा माणूस. मनाने सोनं. पण सोन्याची सुरी असली म्हणून ती कोणी उरात मारून घेत नाही.

कारण पणाला काय लागलं होतं ते ऐका. त्या भागात पाऊस म्हणजे नावाला. जनावरांनी चरून चरून जमीन बोडकी केलेली, विहिरीने तळ दाखवलेला. दोन वर्षांपूर्वी सरकारने योजना काढली: कुरणाचा एक तुकडा दोन वर्षं बंद ठेवा, एकही जनावर आत सोडू नका. गवत परत आलं तर सरकार धरणावरून पाण्याची नळी टाकून देईल, टाकी बांधून देईल आणि पुढची पाच वर्षं चाऱ्याला मदत करील. मात्र आत चराई झालेली दिसली, की नाव कायमचं रद्द. काकूंकडे सव्वीस जनावरं. नळी आली नाही तर उन्हाळ्याआधी ती सगळी बाजारात उभी करायची, दुसरा रस्ता नव्हता. नवरा गेल्यावर याच जनावरांच्या जोरावर त्यांनी घर चालवलं होतं, लेकीचं लग्न केलं होतं.

शेजारच्या कुरणाचा मालक तेव्हापासून हसत होता. त्याला सगळे पंच म्हणत, कारण कोणी न विचारता निकाल देण्याची त्याला खोड. गवत वाढायचं असतं तर सरकारची वाट बघत थांबलं नसतं, हा त्याचा पहिल्या दिवसाचा निकाल. पण गवत कमरेला लागलं तेव्हापासून त्याच्या तोंडाला कुलूप होतं. आणि आता हे.

काकूंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिराला एवढंच म्हणाल्या, "भावजी, आज माझ्यासमोर उभे राहू नका." आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. तो बिचारा गोठ्यामागे जाऊन बसला.

तासाभरात तपासनीस बाईंची जीप आली. बाई पन्नाशीच्या, पायात बूट, खांद्याला लोखंडी कडं अडकवलेलं. हे कडं कुरणात कुठेही भिरकवायचं आणि ते पडेल तिथलं आतलं गवत मोजायचं, ही त्यांची रीत. बाईंनी कडं फेकलं. ते खुंटांवर खणकन पडलं. बाईंनी वाकून पाहिलं, मग वहीत पाहिलं, मग काकूंकडे. इथे चराई झालेली दिसते, असं त्या म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, पण निर्णय झाल्यासारखा होता.

काकूंनी कापणीची हकिकत सांगितली. गोठ्यामागे रचलेल्या पेंढ्या दाखवते म्हणाल्या. तेवढ्यात पंच हजर. बोलावलं कोणी? कोणीच नाही. पेंढ्या काय, बाजारातही विकत मिळतात, असं म्हणून त्याने मध्येच खोडा घातला. आणि तपासणीच्या तोंडावर स्वतःचं कुरण कापणारा शहाणा जगात असतो का, असंही विचारलं. खरं सांगायचं तर हा प्रश्न काकूंनाही सकाळपासून पडलेला होता.

पण काकू म्हणजे काकू. तीस वर्षं जनावरांमागे फिरलेली बाई. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "बाई, खाऊन हात धुवून जाणारं जनावर अजून जन्माला आलेलं नाही. ते चरतं तिथेच शेण टाकतं, दिवसाला दहा-दहा वेळा. माझी सव्वीस जनावरं इथे चरली असतील तर पाय ठेवायला जागा नसेल. मला शेण दाखवा. ताजं, सुकलं, कसलंही. दाखवलंत तर मीच माझं नाव खोडते."

बाईंनी कडं परत खांद्याला अडकवलं. म्हणाल्या, बघूया.

मग जी शोधाशोध झाली ती डोळ्यांनी बघावी अशी. बाई, त्यांचा कारकून, जीपचा ड्रायव्हर, पंच आणि काकू, पाच माणसं पाच-पाच हातांवर एका रांगेत, मान खाली घालून दहा एकरांत शेण शोधतायत. सरकारी पगारावर शेण शोधायची वेळ आली, असं कारकून पुटपुटला. एक एकर झालं, तीन झाले, सहा झाले. काही नाही. पंचाचा चेहरा पडत चालला, तशी त्याला नवी युक्ती सुचली. तो बाईंना म्हणाला, "शेण सापडणार कसं? यांचा दीर टापटीप आहे. त्याने एकूणएक उचलून टाकलं असणार."

हे अगदी खरं वाटण्यासारखं होतं. टापटीपला ओळखणाऱ्या कोणालाही पटलं असतं. बाईंनीही पेन काढलं.

आणि आठव्या एकरात, अगदी मोकळ्यावर, पंचच ओरडला, "हा बघा!"

शेणाचा पो होता. ताटाएवढा, काळपट. पंच छाती काढून त्याच्याशेजारी उभा राहिला, जणू काही शिकार केली होती. काकू गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी पो उचलू लागल्या. तो उचलेना. जोर लावला तेव्हा फाटल्यासारखा आवाज होऊन तो सुटला. आत शेण कसलं, वाळवीने खाऊन केलेली माती. आणि खालून वरपर्यंत, आरपार, गवताची मुळं. गठ्ठेच्या गठ्ठे. त्यातून फुटलेल्या गवताच्या झुबक्याचे खुंट वर तसेच होते, कापलेले.

"हा दोन वर्षांपूर्वीचा आहे, बाई. बंदीच्या आधीचा," काकू म्हणाल्या.

बाईंनी मुळं बोटांनी ओढून पाहिली. ती निघेनात. मग त्यांनी विचारलं, दीर सगळंच उचलून टाकतात म्हणता, तर हा पो इतक्या उघड्यावर राहिला कसा? उत्तर मागून आलं. टापटीप केव्हा येऊन उभा राहिला होता कोणाला कळलं नव्हतं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला दिसला होता तो. पण त्यातून गवत आलं होतं ना. मग नाही उचलला. यंत्रही जरा वरून फिरवलं तिथे."

काकूंना त्या क्षणी सकाळचे आपले शब्द आठवले आणि रडू फुटलं, तेही सगळ्यांसमोर. फुटू दे, कधीतरी फुटायचंच होतं.

पुढचं काम सोपं होतं. बाई गोठ्यामागे गेल्या. तिथे सगळ्या पेंढ्या एका मापाच्या, एका गाठीच्या, रांगेत रचलेल्या, भिंतीसारख्या. बाईंनी खुंटाची जाडी पेंढीतल्या काडीशी लावून पाहिली, ती जुळली. मग एक पेंढी काट्याला लावली, पेंढ्या मोजल्या आणि एकूण वजन वहीत लिहिलं. कड्याने आम्ही नुसता अंदाज बांधतो, त्या म्हणाल्या, अख्ख्या कुरणाचं गवत तोलून दाखवणारं हे पहिलंच घर. खुंटांना महिन्याभरात पुन्हा फूट येईल आणि नळीचं खोदकाम सोमवारपासून सुरू होईल, असंही त्यांनी सांगितलं. कारकुनाने शिक्का काढला. धप्पकन आवाज झाला. सव्वीसच्या सव्वीस जनावरं घरची राहिली.

पंच जीपपाशी घुटमळत होता. शेवटी त्याने हळूच कारकुनाला विचारलं, यंदा नवे अर्ज घेताय का? काकूंनी ऐकलं, पण टोमणा मारला नाही. आनंदात माणूस असं कधीकधी उधळं होतं.

जाताना बाईंनी कागद पुढे केला. शेवटची एकच चौकट रिकामी होती, कुरणाची निगा कोण राखतं त्याची. तिथे काकूंचं नाव घालते म्हणाल्या.

"माझं नको," काकू म्हणाल्या. "माझ्या दिराचं घाला." आणि त्यांनी दिराचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारून.

"हा कोण?" पंचाने विचारलं. तीस वर्षं शेजारी राहिलेला तो.

टापटीपनेही आधी इकडेतिकडे पाहिलं. तीस वर्षांत त्या नावाने त्याला कोणी हाक मारली नव्हती. मग त्याने हात सदऱ्याला पुसले आणि तो पुढे आला.

"मीच तो," तो म्हणाला.