गोजरची ताजी बातमी

लोक म्हणतात, चतुराबाईला जावई पसंतच पडंना. म्हणू द्या, कुणाच्या तोंडाला हात लावावा? माझ्या लेकीला, उकंडीला, सतरावं लागलं. तिच्या बरोबरीच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन माहेरी येऊन राह्यल्या, अन् मी आपली हसनाबादच्या पोराचं नाक वाकडं म्हणून त्याच्या बापाला चहा पाजून परत लावलं. त्याचं नाक काही वाकडं नव्हतं, चांगलं सरळ होतं. मी असं काऊन केलं ते आज सांगते. परवा सांगायला येळ भेटायचा न्हाई.

परतूरच्या जिनिंगात आम्ही तिघी कापूस निवडायचो. मी, गोजर अन् अकबरबी. पाला-काडी एकीकडं, किडका कापूस एकीकडं. सांजंपर्यंत केसात, नाकात, भुवईवर सगळा कापूसच. दुपारचा भोंगा झाला की आवारातल्या लिंबाखाली बसून फडकी सोडायची. आमचा एक नेम होता. भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी दरेकीनं घरची एक बातमी सांगायची. रडकी चालायची न्हाई. रडायला घर होतंच की.

अकबरबीचा नवरा गुलाम नबी शिंपी. तो दिवसभर सुई धुंडत बसला, अन् सुई त्याच्याच दातात. माझ्या मालकाच्या फेट्यात कोंबडीनं अंडं घातलं, तर हे तसाच फेटा गुंडाळून रेल्वेच्या कामावर गेले, अन् साहेबाला वाकून रामराम करताना अंडं साहेबाच्या बुटावर! पर गोजरची गोष्ट न्यारी. ती मांडीवर फाटकन् थाप मारायची, 'ताजी बातमी!' म्हणायची, अन् सांगायच्या आधी स्वतःच हसून लोळायची. तिच्या सासूनं पहाटे ताक समजून रिठ्याचं पाणी घुसळलं अन् लोणी येईना म्हणून म्हशीला शिव्या घातल्या, ही बातमी आम्हाला तीन दिवस पुरली. मुकादम यायचा अन् म्हणायचा, 'बाया, भाकरी खाऊन राह्यल्या का भांग?'

गोजरला लेकरू न्हाई झालं. तेवढी एक गोष्ट ती बातमीत आणत नव्हती.

माझी दोन लेकरं पाचवी पुजायच्या आधीच गेल्ती. तिसरी पोरगी झाली तवा सुईण म्हणली, हिला उकंड्यावर टाक अन् कुणाला तरी विक. आमच्याकडं तसं करतात. लेकरू उकंड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं ते उचलायचं, आईला सूपभर जवारी द्यायची, अन् लेकरू तिचं झालं. मरण दारात आलं तरी म्हणतं, हे तर या घरचं न्हाईच. मंग जावळ काढायच्या वक्ताला आईनं जवारी अन् साडीचोळी घेऊन जायचं, लेकरू परत मागायचं, अन् त्या बाईनं 'दिली' म्हणायचं. त्या एका शब्दावर लेकरू परत आपलं होतं.

उकंड्यावरून पोरगी कुणी उचलावी? गोजरनंच उचलली. तिला छातीशी धरून घरी आली तवा तिच्या पदराला शेण, डोळ्याला पाणी अन् तोंडानं म्हणती, 'चतुरे, सूपभर जवारीत लई स्वस्त पडली गं!'

जावळ आलं अन् गेलं. मी जवारी पाखडून ठेवली, साडी आणली. गोजर म्हणली, 'देत न्हाई जा. माझी हाये.' हसून म्हणली. पुढच्या सणाला म्हणली, 'बघू दिवाळीला.' मला तिच्या तोंडाकडं बघून घाई करू वाटंना. म्हणलं, असू दे की, पोरगी रोज माझ्याच कुशीत झोपती, हिनं नुसतं माझी म्हणलं तर माझं काय जातं? माझी चूक झाली ती हीच. दुसरं कुणी असतं तर चुकलं नसतं, पर मैतरणीला कोण टोकतं?

उकंडी तीन वर्सांची झाली अन् त्या पावसाळ्यात गोजर पटकीनं गेली. सकाळी उलटी झाली अन् सांजच्याला बाई संपली. तिला मातीत दिली तवा पोरगी तिच्याच नावावर होती. 'दिली' म्हणायचं राहूनच गेलं.

दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झालं. मी पोरीला संगं न्यायला लागले. लिंबाखाली मी अन् अकबरबी बसायचो. फडकं सोडलं की बातमी आधी कुणी सांगावी म्हणून एकमेकींकडं बघायचो. पाचव्या का सहाव्या दिवशी, भाकरी तशीच हातात असताना, उकंडीनं आपल्या एवढ्याशा मांडीवर फाटकन् थाप मारली.

'ताजी बातमी!' पोरगी म्हणली. 'गुलाम नबीनं पाटलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या!' अन् हसत हसत गवतावर लोळली.

आम्हालाबी हसू आलं. अकबरबी म्हणली, 'अगे मां, कितनी नक्कल करती! बराबर गोजरच!' पर घरी जाऊन बघती तर गुलाम नबी तवा कुठं पाटलाच्या कोटाचं कापड अंथरून राह्यला होता, कात्री लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी कोट शिवून झाला अन् पाटलाचा उजवा हात काही केल्या बाहीत जाईना.

त्यानंतर रोज. भोंगा झाला की पोरगी थाप मारायची. मुकादमाच्या बायकोनं रागानं त्याचं धोतर म्हशीला पांघरलं. माझ्या सासूनं गुळाची ढेप समजून विटकर फोडली. सगळं आधी पोरीच्या तोंडून निघायचं, अन् मंग घडायचं. आज सांगितलं की उद्या, न्हाईतर परवा, बिलकुल तसंच. अकबरबी ताईत घेऊन आली, पोरीच्या गळ्यात बांधला, अन् तरी दुपारी कान टवकारून बसायची. मीबी बसायचे. खरं सांगते, मला भेव वाटायच्या आधी बरं वाटलं. माझी मैतरीण आल्ती. कशी का असंना, आल्ती.

पुसाच्या महिन्यात पोरीनं भाकरी खायची सोडली. ताप न्हाई, खोकला न्हाई. घास पुढं केला की तोंड फिरवायची.

'खा गं माझे माय,' मी म्हणायचे.

'मी गोजरमायसंगं जेवले,' ती म्हणायची.

'काय जेवलीस?'

'काही नसतं तिथं. नुसतं बसतो आम्ही.'

पंधरा दिवसात पोरीच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशी गत झाली. अन् एका दुपारी, टक्क उनात, तिनं थाप मारली. हात इतका वाळला होता की आवाजबी झाला न्हाई.

'ताजी बातमी. उकंडीचं झबलं काटीवर वाळत पडलंय अन् घालायला कुणीच न्हाई.' अन् हसली. तेच लोळून हसणं, पर आता उठायचं त्राण न्हाई, पडल्या पडल्या हसून राह्यली.

अकबरबीच्या हातातली भाकरी खाली पडली. सांगितलेली एकबी बातमी आजवर चुकली नव्हती.

मी तशीच उठले. मुकादम वरडला, त्याच्याकडं बघितलंबी न्हाई. घरून सूपभर जवारी घेतली, ती ठेवलेली साडी घेतली, पोरीला खांद्यावर टाकलं अन् गोजरचं घर गाठलं. तिचा नवरा भुजंग रानात गेल्ता. त्यानं मागच्याच महिन्यात दुसरी केल्ती, आष्टीकडची नंदाबाई. पंधरा-सोळाची पोर ती, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. पर तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक होता, गोजरच्या नावानं कोरलेला पत्रा. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा असतो, कुंकू लावायचं झालं तर आधी त्याला लावायचं, मंग आपल्याला. म्हणजे गोजर त्या घरात होती, त्या पोरीच्या गळ्यात होती. माझं डोकं तेवढं चाललं.

मी तिला अंगणात बसवलं, जवारी अन् साडी पुढं ठेवली, टाकाला कुंकू लावलं. म्हणलं, 'माय, तुला काही करायचं न्हाई. मी माझी लेक मागते, तू एवढं "दिली" म्हण.'

'बरं,' नंदाबाई म्हणली.

'माझी लेक मला दे.'

तिनं तोंड उघडलं, अन् तिचा हात उठला अन् मांडीवर पडला. फाटकन्.

'देत न्हाई जा,' नंदाबाई म्हणली. आवाज गोजरचा होता. आत्तापर्यंत खाली असलेली नजर सरळ माझ्या डोळ्यात. 'तीन वर्सं माझी माझी म्हणू दिलंस, अन् आता जवारी घेऊन आलीस व्हय गं चतुरे?'

मला भेव वाटलं. पर मला रागच जास्त आला. मी तिला अशी बोलले जशी ती जित्ती असती तर बोलले असते. म्हणलं, 'गोजरे, लाज वाटू दे! उकंड्यावरून उचललीस ती जगवायला का न्यायला? लेकराची बरगडी बघ. हीच का तुझी माया?'

तिनं पोरीकडं बघितलं. टाकावरचं कुंकू वाळून राह्यलं होतं. मंग हळूच म्हणली, 'इथं कुणी काहीच सांगत न्हाई गं. कुणी हसत न्हाई. मला कुणीतरी पायजे.'

मला रडू फुटलं. मी म्हणले, 'मंग मला ने. लेकराला काय सांगता येतंय? मला ने.'

'आत्ता?'

'आत्ता न्हाई. हिचं लगीन होऊ दे. हिला हळद लागली की मी आले.'

'बराबर?'

'बराबर. तुझी आण.'

'दिली,' गोजर म्हणली.

अन् नंदाबाईनं डोळे मिचकावले, खाली बघितलं, अन् तिच्या बारीक आवाजात विचारलं, 'आत्याबाई, पाणी आणू का तुम्हाला?' माझ्या खांद्यावरून उकंडी म्हणली, 'माय, भूक लागली.'

त्या दिवसापासून तेरा वर्सं पोरीच्या तोंडून एक बातमी निघाली न्हाई. तिला काही आठवतबी न्हाई. खाल्लं-पिलं, वाढली, चांगली उंच झाली. अन् मी स्थळं मोडून राह्यले. एक लई काळा, एकाचं घर गावाबाहेर, एकाची आई तोंडाळ. धर्मराज, आमचे मालक, म्हणायचे, 'तुला राजाचा पोरगा पायजे का?' गोजरला दिलेला शब्द फक्त अकबरबीला ठाऊक. ती म्हणायची, 'मत कर उसका लगीन, चतुराबाई. रहने दे घरमें.' मलाबी तसंच वाटायचं. मरायचं कुणाला असतं? मला सकाळचा चहा आवडतो, अकबरबीच्या संगं बसणं आवडतं, मालक झोपेत बडबडतात तेबी आवडतं. वाटलं, गोजरनं तेरा वर्सं वाट बघितली, आणखी दोन बघंल.

गेल्या महिन्यात आष्टीचं स्थळ आलं. पोरगा शाळेत मास्तर. उकंडी दाराआडून बघत होती, अन् तिचं तोंड बघूनच मला कळलं, हिला पसंत हाये. मी म्हणले, मास्तराचा आवाज बारीक हाये, विचार करू.

दुसऱ्या दिवशी उकंडी माझी भाकरी घेऊन जिनिंगात आल्ती. लिंबाखाली बसली. भोंगा झाला. तिनं मांडीवर थाप मारली.

'ताजी बातमी,' ती म्हणली. 'चतुराबाईनं आष्टीचं स्थळ मोडलं, अन् उकंडीनं जेवण सोडलं.'

ती हसली न्हाई. न हसता सांगितलेली गोजरची ही पहिलीच बातमी.

त्या सांजंला पोरीनं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीबी. तिसऱ्या दिवशी तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली, तवा मी धर्मराजला म्हणलं, आष्टीला माणूस धाडा, आम्हाला बराबर पसंत हाये. निरोप घेऊन माणूस वेशीबाहेर पडला न्हाई तोच उकंडी चुलीपाशी बसली अन् दोन भाकरी खाल्ल्या, वर गूळ मागितला.

परवा दुपारी हळद. सगळे म्हणतात, चतुराबाई शेवटी नरमली. अकबरबी रोज येऊन रडती अन् संगं करंज्या तळती. मला भेव वाटतंय, खोटं काऊन बोलू? करंजीत सारण भरायचं सोडून मी दाराकडं बघत बसते. पर पोरगी घरभर गाणं म्हणत फिरून राह्यली, ते ऐकलं की पुन्हा सारण भरायला लागते.

बसा, उठू नका. इतका वखत माझंच ऐकलं तुम्ही. आता तुमच्या घरचं काही हसण्याजोगं झालं असंल तर सांगा. बारीकसारीक असलं तरी चालंल. माझ्याकडच्या बातम्या दोन-चार वर्सं पुरतील, पर तिथं गोजरपाशी किती वर्सं काढायचीत ते कुणाला ठाऊक.