मागच्या दाराची कडी

मिस्त्रींच्या कपाटांची ख्याती अशी, की बंद दाराच्या फटीत पोस्टकार्ड शिरत नसे. ही परीक्षा ते गिऱ्हाइकासमोर स्वतःच करून दाखवत. त्यामुळे सासऱ्यांची जुनी मासेमारीची होडी दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा बाहेरचा कारागीर बोलवायचा विषयसुद्धा निघाला नाही.

होडी सासऱ्यांबरोबरच या घरी आली होती. सासूबाई गेल्यावर थोरल्या मुलीने, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, वडिलांना आपल्याकडे आणलं. ते एका बॅगेनिशी आले आणि मागून टेम्पोत होडी. तेव्हापासून ती मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली पडून होती. पत्रा तापे, लाकूड सुके आणि फळ्यांमधल्या फटी रुंदावत जात.

"मिस्त्री, ही होडी आहे की खिडकी?" शेजारचा शिंपी भिंतीवरून विचारायचा.

मिस्त्रींनी कुजलेल्या फळ्या बदलल्या, जुना रंग खरवडला. मग फटींची पाळी आली. सासरे खुर्ची घेऊन बाजूला बसले होते.

"जावईबापू, फटीत सुताचे पेड भरा. जरा सैलच. आणि पाण्यात सोडायच्या आधी तिला रोज पाणी पाजा. लाकूड फुगायला हवं."

"मामा, म्हणजे कपाटाला आंघोळ घालायची?"

"कपाट नाहीये ते."

"लाकूड ते लाकूड," मिस्त्री म्हणाले आणि प्रत्येक फटीत त्यांनी दगडासारखं घट्ट होणारं लुकण दाबून भरलं. वरून घासलं. हात फिरवला तर फट कुठे होती ते कळेना. सासऱ्यांनीही हात फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून सासरे होडीत पाणी ओतू लागले. मिस्त्री कारखान्यात गेले की बादली घेऊन निघायचे. संध्याकाळी मिस्त्री परत येऊन होडी कोरडी करायचे आणि वर पंखा लावायचे. एकदा त्यांनी बादली माळ्यावर टाकली. सासऱ्यांनी स्वयंपाकघरातलं पातेलं घेतलं. मग शिंप्याला नवा विषय मिळाला. "काय मिस्त्री, आज होडीची आंघोळ झाली का? डोक्यावरून की नुसतीच?" मिस्त्रींनी हे कारखान्यात सांगितलं. लोक हसले, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी तिखटमीठ लावून सांगितलं. सासरे होडीशी बोलतात, ही भर त्यांनी स्वतःच्या मनाने घातली.

एका पहाटे सासऱ्यांनी नळी लावून होडी काठोकाठ भरली. बाजूच्या एका भोकातून, जिथे मिस्त्रींनी खिळा बसवायचा बाकी ठेवला होता, पाणी अंगणभर झालं आणि पॉलिश करून ठेवलेलं एका गिऱ्हाइकाचं कपाट खालून भिजलं. त्या दिवशी मिस्त्रींनी मागच्या दाराला बाहेरून कडी बसवली. काम चोख होतं. चार स्क्रू, चारही एका रेषेत. अंगणात जायला ते स्वतः घराला वळसा घालू लागले आणि त्या बाजूच्या फाटकाची किल्ली खिशात ठेवू लागले.

बायको आधी म्हणाली, "अहो, बाबांना कोंडल्यासारखं वाटेल."

"अख्खं घर मोकळं आहे त्यांना. उद्या नळी लावून विसरले, गॅस लावून विसरले, तर?"

तिने जाऊन गॅसचं बटण बंद आहे का ते पाहिलं. सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा लक्षणं मिस्त्रींनीच सांगितली. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे होतं, आणि गोळ्या दिल्या. हळूहळू घरातले सगळे सासऱ्यांशी मोठ्याने आणि तोडून तोडून बोलू लागले. ऐकायला त्यांना काहीच कमी येत नव्हतं. शेवटी ठरलं की होडी एकदा पाण्यात सोडायची आणि त्या आठवड्यातच सासऱ्यांना धाकट्या मुलीकडे पोचवायचं. धाकटीचा फ्लॅट पाण्यापासून लांब, चौथ्या मजल्यावर होता.

रविवारी होडी धक्क्यावर नेली. कारखान्यातले लोक आले, शिंपी आला. निळ्या रंगाची होडी पाण्यात उतरली आणि एक थेंब आत आला नाही. मिस्त्रींनी आत उतरून तळावर हात फिरवला आणि कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला.

मग ते धक्क्यावर उभ्या सासऱ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मामा! बादली आणायची राहिली का?"

सगळे हसले. बायकोही हसली. सासरे पाण्याकडे बघत होते.

"रोज येऊन बघा तिला," ते म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

बुधवारी धक्क्यावरच्या राखणदाराचा फोन आला. मिस्त्री एकटेच गेले. होडी चिखलात कलली होती, अर्धी भरलेली. पाणी पिऊन फळ्या फुगल्या होत्या. फुगायला जागा हवी होती ती फटींमध्ये, आणि तिथे लुकण दगडासारखं बसलं होतं. फळ्यांनी एकमेकींना रेटलं होतं. मधली बरगडी मोडली होती आणि दोन फळ्या खिळ्यांसकट उपटून आल्या होत्या. लुकण मात्र जागच्या जागी होतं. त्याला एक तडासुद्धा गेला नव्हता.

"रात्रभर कडकड आवाज येत होता," राखणदार म्हणाला. "म्हटलं, कोणी लाकडं फोडतंय."

मिस्त्री घरी आले तेव्हा सासरे खाटेवर बसले होते. बॅग भरून पायाशी ठेवलेली. मिस्त्री उभेच राहिले.

"मामा, तुमचं बरोबर होतं."

"कोणती बरगडी गेली?"

मिस्त्रींनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. "मधली," ते म्हणाले.

"ती जुनीच होती. बाकीच्या शाबूत असतील तर होईल सगळं नीट." मग त्यांनी विचारलं, "उद्याची गाडी सकाळचीच ना?"

मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेले. कडी काढायला वेळ लागला नाही. दार उघडलं तर आत सासरे उभे.

"कशाला काढलीत? चांगली बसली होती."

"मामा, तुम्ही कुठे जाऊ नका. मी कारखान्यात सांगतो सगळ्यांना. डॉक्टरांकडे मी स्वतः..."

"धाकटी म्हणाली, तिच्याकडे दारं आतूनच बंद होतात." आवाजात राग नव्हता. त्यांनी चौकटीतली चार भोकं बोटाने चाचपली, मग अंगणातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "तिला परत आणाल तेव्हा ते सगळं लुकण काढा आधी. आणि सुकू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी ते गेले. बॅग बायकोने उचलली. मिस्त्रींनी हात पुढे केला तेव्हा तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

होडी पुन्हा पत्र्याखाली आली. मिस्त्रींनी छिन्नीने लुकण फोडून काढलं. भरायला लागला होता त्याच्या कितीतरी पट वेळ त्यात गेला. नवी बरगडी घातली, सुताचे पेड सैलसर भरले. आता सकाळी कारखान्यात जाण्याआधी ते बादलीने होडीत पाणी ओततात.

पहिल्याच आठवड्यात शिंप्याने भिंतीवरून डोकं काढलं. "काय मिस्त्री! सासऱ्यांची गादी चालवताय? गोळ्या उरल्या असतील तर तुम्हीच सुरू करा आता!"

मिस्त्रींना सवयीने हसू आलं. ते त्यांनी आवरलं, बादली खाली ठेवली आणि भिंतीपाशी जाऊन सगळं सांगितलं. फळ्या का मोडल्या, पाणी कशासाठी होतं, डॉक्टरांना लक्षणं कोणी सांगितली, होडीशी बोलण्याची गोष्ट कोणी रचली. शिंप्याने गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली, पुन्हा सोडली.

"अहो, मी आपलं गमतीनं म्हणायचो," तो म्हणाला.

"मीपण," मिस्त्री म्हणाले आणि बादली भरायला नळाकडे गेले.