सील काढलेलं बेअरिंग

भिवंडीत बेअरिंग म्हटलं की लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं. धामणकर नाक्यावरच्या आमच्या दुकानात चौदा वर्षं मी तेच विकतेय, आणि माझ्यापुढे कुणी बेअरिंगचं शहाणपण पाजळलं की माझं डोकंच फिरतं. ओसामाच्या बाबतीत तेच झालं.

ओसामा म्हणजे आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, मजीदभाईंचा मुलगा. बापाचे लूम भंगारात गेल्यावर हा पोरगा थेट मनालीला गेला. तिथे पर्यटकांना बर्फावरून फिरवायला स्नोमोबाईल असते, ती तो चालवतो आणि दुरुस्तही करतो. त्या गाडीला चाकांऐवजी रबरी पट्टा असतो. सुट्टीत घरी आला तेव्हा तो पट्टा फिरवणाऱ्या दांड्यावरचं जुनं बेअरिंग खिशात घेऊन दुकानात आला.

"करिष्माताई, असली दोन पायजेत."

नंबर बघितला. लूमला लागतं तेच की! मला काय आनंद झाला. दोन खोकी फोडली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही बाजूंची रबरी सीलं टकाटक उडवली. आमच्याकडे असंच देतात. लूमवाले रोज सकाळी तेल सोडतात, सील असलं तर तेल आत जाणार कुठून?

"ताई, सील राहू दे ना," ओसामा म्हणाला.

"आता तू मला शिकव! अरे, तुझ्या बापाला बेअरिंग कोण देत होतं?"

पोरगा हसला, कान पकडले आणि घेऊन गेला.

आठ दिवसांनी, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ड्रॉवर आवरत होते. त्याने टाकून दिलेलं जुनं बेअरिंग हाताला लागलं. फिरवलं तर करकर वाजलं. उलटं केलं. एका बाजूचं सील फाटलेलं आणि त्या फटीतून आत नुसता गंज. दुसरी बाजू ठणठणीत. म्हणजे ते झिजून गेलंच नव्हतं, बर्फाचं पाणी शिरून गेलं होतं. आणि मी? मी त्याला चारच्या चार सीलं काढून दिली होती!

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मग मीच स्वतःला समजवायला लागले. काही होत नाही गं, ग्रीस भरलंय ना आत, कशाला जीव खातेस?

राहनाळला घरी गेल्यावर तसंच एक बेअरिंग उघडं केलं, पाण्यात फिरवलं आणि डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, कोळंबीच्या पिशवीशेजारी. सासूबाई बघतच राहिल्या. "अगो, लोखंड फ्रीजरमदी ठेवतेस? डोका फिरलाय का तुजा?"

सकाळी काढलं. फिरेना. अंगठ्याने ढकललं, दोन्ही हातांनी पिळलं, छे! दिवसा बर्फ वितळून पाणी आत शिरणार, ऊन गेलं की गोठणार, आणि पट्टा जागच्या जागी अडकणार. तिथे उतार असतो. मागे माणसं बसलेली असतात.

दुकान न उघडताच मजीदभाईंचं घर गाठलं. सांगायलाच गेले होते, देवाशपथ. पण ओसामाच्या आईने, हबीबाखालांनी, चहा पुढे ठेवला, "बस गो," म्हणाल्या, आणि मी चहाच पीत बसले.

तेवढ्यात ओसामाचाच फोन आला. मजीदभाईंनी स्पीकरवर टाकला.

"अब्बा, काल सहाच्या सुमारास गाडी वर अडकली. पट्टा जाम झाला, आम्ही घसरलो. मागे नवराबायको होती. त्यांना तीन तास चालवत खाली आणलं. ती बरी हायेत. माझ्या पायाची दोन बोटं थंडीने काळी पडलीत, डॉक्टर बोलतो वाचतील का सांगता येत न्हाय." मग आवाज चिरकला. "मालक बोलतो, मी बेअरिंग ठोकून बसवली म्हणून गेली. कामावरून काढलंय मला. माझ्याच हातून झालं असेल, अब्बा."

"असेल काय, झालंच असेल!" मजीदभाई कडाडले. "लूमवर पण तुझं लक्ष नसायचं!"

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? कुण्णाला नाही. सांगायला लाज वाटते, पण हा विचार माझ्या मनात आला.

"त्याला बोलू नका, मजीदभाई," मी म्हटलं. "चूक माझी हाय." आणि सगळं सांगून टाकलं, सीलांपासून आज सकाळपर्यंत. "ओसामा, तुझ्या मालकाचा नंबर दे. त्याला मी सांगते."

मजीदभाईंनी कपाळाला हात लावला. "जाऊ दे," म्हणाले. "जीव वाचला पोराचा."

हबीबाखाला माझ्याकडेच बघत होत्या. "तुला कवा कळलं?"

"काल दुपारी."

"काल चार वाजता मी नाक्यावर आले होते. तुझ्या दुकानासमोर उभी राहून बोलले, पोराचा फोन लागत न्हाय, जीव थाऱ्यावर न्हाय. तू काय बोललीस?"

मी म्हणाले होते, "लागेल हो खाला, काळजी करू नका."

"मालकाचा नंबर तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये होता गो. हातातच होता मोबाईल."

काल चार वाजता मला आधी खात्री करून घ्यायची होती, की माझं काही चुकलेलं नाही.