माझ्यावर उमटलेले शेवटचे दात

मी माउथपीस बोलतोय. ओळखलं नाहीत ना? बरोबर आहे, माझ्याकडे बघताना कुणाचं चित्त ठिकाणावर असतं! दुर्बिणीनं पोट तपासतात तेव्हा रुग्णाच्या दातांमध्ये धरायला देतात, ती प्लास्टिकची जाड कडी म्हणजे मी. माझ्या भोकातून ती काळी नळी घशात आणि तिथून पोटात उतरते. नळीवर दात पडू नयेत, एवढ्यासाठी माझा जन्म. एका पिशवीतून आम्ही दहा जण आलो, त्यांतला सगळ्यात भित्रा मी.

भिऊ नको तर काय करू? माणसाची भीती आधी माझ्यावर उमटते. बाहेर ‘काही नाही हो, साधी अ‍ॅसिडिटी’ म्हणून हसणारे आत आले की माझ्यावर दात कडकडा वाजवतात. एक पैलवान तर मला बघताच चपला शोधायला लागला होता. काम झालं की मला धुतात, औषधाच्या पाण्यात बुडवतात. दातांचे वण मात्र जात नाहीत.

परवा शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या, सोबत लेक. तक्रार काय, तर जळजळ. पण ब्लाउज खांद्यावरून लोंबत होता. शिवणाऱ्या बाईच्याच अंगावर असा ढगळ ब्लाउज? मला तेव्हाच खटकलं.

फॉर्म भरताना सिस्टरनी विचारलं, ‘‘घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता?’’

काकूंनी लेकीकडे बघितलं. ‘‘छे हो. आई म्हातारपणानं गेली, भाऊ अल्सरनं.’’

लेकीनं मान डोलावली. तिलाही लहानपणापासून हेच सांगितलेलं.

मग घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपणं, आणि दातांत मी.

डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, ‘‘छोटा मांसाचा कोंब आहे. गुळगुळीत, साधाच वाटतोय. घरात कुणाला नाही ना?’’

‘‘फॉर्मवर ‘नाही’च आहे,’’ सिस्टरनी सांगितलं.

‘‘मग ह्याचाच तुकडा घेऊ आणि निघू.’’

काकूंना बोलायचं होतं हो! जीभ माझ्यावर आपटत होती, शब्द काही फुटेना. वाटेत मी आडवा! ‘‘चावू नका, झालंच,’’ सिस्टर म्हणाल्या. तेवढ्यात काकूंनी असे दात रोवले की मला कट्‌कन चीर गेली. नळी बाहेर आली की तपासणी संपली, या विचारानं माझी पाचावर धारण बसली.

सिस्टरनी त्यांचा हात धरला. ‘‘दुखतंय? हो असेल तर दाबा.’’ हात ढिलाच. ‘‘मघाशी विचारलं त्यातलं काही राहिलं का?’’ काकूंनी हात करकचून दाबला. ‘‘घरात कुणाला होता?’’ पुन्हा दाबला. ‘‘कितीजणांना?’’ एकदा दाबला. मग आणखी एकदा.

डॉक्टरांनी नळी परत आत नेली आणि पोटाची घडी न् घडी बघायला लागले. वरच्या वळणाआड एक फिकट, खरबरीत डाग होता. मघाशी नजर त्याच्यावरून सरकून गेली होती. चिमट्यानं तुकडे निघत होते, बाटल्यांत पडत होते. किती, ते मोजायचं मला धाडस झालं नाही.

मला काढलं तशी लेक आत आली. काकूंचा घसा बधिर, तरी त्या बोलल्याच. ‘‘मामा अल्सरनं नाही गेला गं. आजीलाही तेच होतं. तू घाबरशील म्हणून...’’

लेक स्टूल ओढून जवळ बसली. ‘‘म्हणजे माझंही बघावं लागेल?’’

ह्याच प्रश्नाला त्या इतकी वर्षं भीत होत्या. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

रिपोर्ट आठ दिवसांनी यायचाय. मला तो कळणार नाही. चिरलेला माउथपीस पुन्हा वापरत नाहीत, म्हणून मी कचऱ्याच्या डब्यात पडलोय. वरून सिस्टरचा आवाज येतोय. पुढच्या माणसाला विचारताहेत, घरात कुणाला होता का. तो गप्प आहे.

अहो, बोला ना! नवा माउथपीस बाहेर काढलाय. तो एकदा तोंडात आला की बोलता येत नाही.